मौनाची वेळ

“त्याला आधी जेवायला घाल. शहाणपण नंतर शिकव. आणि गेटवर तू स्वतः जा, पद्मिनी. दुसऱ्या कुणाला धाडू नकोस.”

मधुरिमा हे पीजीआय इस्पितळातल्या खाटेवरून म्हणाली होती. नाकात नळी, बोटाला ते चिमट्यासारखं यंत्र, आणि तरी सूर हुकमाचा. हवाई दलातल्या अधिकाऱ्याची ती बायको. नवरा जाऊन काळ लोटला होता, पण हुकूम सोडायची सवय काही गेली नव्हती. पद्मिनी तिचा हात हातात घेऊन “हो” म्हणाली. मग मधुरिमा आणखी म्हणाली, “आणि त्याला तुझा पत्ता दे. माझं भाड्याचं घर माझ्याबरोबरच जाणार. पत्ता नसलेल्या माणसाला या गावात कुणी विचारत नाही.” पद्मिनी पुन्हा “हो” म्हणाली. तिसऱ्या दिवशी मधुरिमा गेली.

शोकसभेत महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष कर्नल हर्षवर्धन उभे राहिले आणि म्हणाले, “अभिषेक एकटा नाही. मंडळ त्याच्या पाठीशी आहे.” बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पद्मिनीनेही लावला. त्या पदराची आता तिला लाज वाटते.

मधुरिमाच्या या एकुलत्या मुलाने, अभिषेकने, काय केलं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. चौतीस सेक्टरमधल्या एका कोचिंग क्लासमध्ये तो फिजिक्स शिकवायचा. तिथल्याच अनिमेष नावाच्या मास्तरशी जिन्यात वाजलं, शब्दाने शब्द वाढला, आणि याने त्याला ढकललं. कठडा बुटका होता. अनिमेष वाचला नाही. अभिषेकने कोर्टात कठड्याला दोष दिला नाही की अनिमेषच्या तोंडाला. “ढकललं मी,” एवढंच म्हणाला. शिक्षा झाली, ती त्याने भोगली.

शिक्षा झाली त्या दिवशी दोघी मैत्रिणींनी देवापुढे नेम धरले. मधुरिमाने गोड सोडलं. पद्मिनीने मौन घेतलं. सकाळी अंघोळ झाल्यापासून देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, पोर सुखरूप बाहेर येईपर्यंत. रोज दोन फुलं वेगळी काढायची, एक अभिषेकच्या नावाने, एक अनिमेषच्या. त्या दुसऱ्या फुलाबद्दल तिने कुणाला सांगितलं नव्हतं, मधुरिमालाही नाही.

तिच्या मौनाचं मंडळात फार कौतुक. “आमच्या पद्मिनीवहिनी म्हणजे तपस्विनी,” असं हर्षवर्धन दर गणपतीत माइकवरून सांगत. नव्याने बदली होऊन आलेल्या अधिकाऱ्यांच्या बायका तिच्या पाया पडत. ती मुळातच हळू बोलणारी, त्यात अर्धा दिवस गप्प. अशी बाई सगळ्यांना आवडते.

अभिषेक सुटला तेव्हा श्रावण लागला होता. पद्मिनी डबा घेऊन बुडैलच्या जेलच्या गेटवर गेली, एकटीच. पोळ्या, मटकीची उसळ, दहीभात, आणि एक चपलांचा जोड. माप अंदाजानेच घेतलं होतं, मोठं निघालं. रस्त्यापलीकडे झाडाखाली पारावर बसून तो जेवला. खाली मान घालून, ताट कुणी ओढून नेईल अशा घाईने. तिने काही विचारलं नाही. दहीभाताशी आल्यावर तो थांबला आणि म्हणाला, “मावशी, आईसारखा झालाय.” मराठीत तेवढंच. बाकी तो हिंदीतच बोलायचा, लहानपणापासून.

पद्मिनीच्या कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, गच्चीवर एक बरसाती होती, एक खोली आणि बाजूला न्हाणी. पद्मिनीने ती झाडून पुसून ठेवली होती. तिचा नवरा श्रीराम तीस सेक्टरमधल्या सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला, मापाने चालणारा, मापाने बोलणारा माणूस. तो म्हणाला, “राहू दे चार दिवस.” चार दिवस म्हणजे नेमके किती, ते पद्मिनीने विचारलं नाही. घर तिच्या नावावर होतं, सासऱ्यांनीच तसं केलं होतं, पण त्या गोष्टीचा उच्चार या घरात कधी झाला नव्हता.

जेलमधून सुटलेल्या माणसाला आधी काय लागतं, हे तिला त्या दिवसांत कळलं. उपदेश तर मुळीच लागत नाही. फोन लागतो. फोनला आधार लागतं, आधारला नंबर लागतो, आणि अभिषेकचा जुना नंबर कंपनीने कधीच दुसऱ्या कुणाला देऊन टाकलेला. बँकेचे निरोप त्या नंबरावर जायचे. पद्मिनीने लावून पाहिला तर झिरकपूरची एक बाई वैतागून म्हणाली, “बहनजी, मैं नहीं हूँ अभिषेक. उसके बैंकवालों को समझाओ, मुझे सोने नहीं देते.” अभिषेक हसला. बाहेर आल्यावर पहिल्यांदाच.

मग तिने स्वतःच्या नावावर सिमकार्ड घेतलं, घरातल्या जुन्या फोनमध्ये घातलं आणि त्याला दिलं. आधार केंद्रात दोघं रांगेत उभी राहिली. सुटकेच्या कागदाची झेरॉक्स काढून तिने कपाटात ठेवली, कारण तो मूळ कागद खिशात घालून फिरायचा आणि घडीवर तो फाटत चालला होता. गोलगप्पेवाल्याच्या गाडीवरचा चौकोनी छाप पाहून तो म्हणाला, “ये क्या है मावशी, लॉटरी?” आणि तो जेलमध्ये गेल्यापासून लोक पैसे फोनवरून देतात, हे त्याला समजावताना त्या गोलगप्पेवाल्याचीही करमणूक झाली.

जेलमध्ये दिवेलागणीच्या आधीच जेवण व्हायचं. तो संध्याकाळी भुकेने बेचैन व्हायचा, पण मागायचा नाही. पद्मिनीच्या ते लक्षात आलं आणि तिने रात्रीचं जेवण ऊन उतरायच्या वेळेला आणलं. श्रीराम कुरकुरला, “मी काय पक्षी आहे?” पण जेवला.

मौन मात्र तिने सोडलं नव्हतं. पोर बाहेर आलं म्हणजे नवस पुरा झाला खरा, पण उद्यापन व्हायचं होतं. तीस सेक्टरच्या पलीकडे राहणारे एकुलते एक मराठी गुरुजी श्रावणात हाताला लागत नव्हते. आणि उद्यापन झाल्याशिवाय व्रत सोडायचं नसतं, हे ती आईच्या दुधाबरोबर शिकली होती. त्यामुळे नैवेद्य झाला की ती गच्चीच्या जिन्याशी येई आणि दिवसाचे पहिले शब्द वर टाकी, “अभि, जेवायला चल.”

नोकरीही जमत आली होती. इंडस्ट्रियल एरियात शाळांसाठी प्रयोगाची उपकरणं बनवणारे ढिल्लोंजी, श्रीरामचे जुने ओळखीचे. पद्मिनीने स्वतः फोन केला. ढिल्लोंजींनी अभिषेकच्या हातात एक बिघडलेला होकायंत्रासारखा डबा दिला आणि चहा प्यायला गेले. परत आले तर तो चालत होता. “बंदा ठीक है,” ते म्हणाले. “अंदर क्यों गया था वो मैं नहीं पूछता. पर जी, पता पक्का चाहिए. थाने का वेरिफिकेशन हो, तभी रखूँगा. सोमवार तक.”

म्हणजे घरमालकाने भाडेकरूच्या कागदावर सही करून तो ठाण्यात द्यायचा. एवढंच. पद्मिनी त्याला म्हणाली, “मी येते तुझ्याबरोबर. सही मी करते.” तो कागद तिने देवघरात, देवाच्या पाटाखाली ठेवला.

मंडळातल्या मुलांची गणपतीच्या नाचाची तालीम दरवर्षी त्यांच्या गच्चीवर व्हायची. एका संध्याकाळी स्पीकर बंद पडला. ईश्वरी आणि ऋग्वेद, दोघं सगळ्यांत वाचाळ, बरसातीचं दार वाजवून मोकळी झाली. अभिषेकने वायर सोलून जोडून दिली आणि दार लावून घेतलं. ईश्वरी घरी जाऊन म्हणाली, “मम्मा, ऊपरवाले भैया ने ठीक कर दिया.” ईश्वरीची आई मेघना. तिने विचारलं, कौन भैया.

तिसऱ्या दिवशी सकाळी कर्नल हर्षवर्धन आले.

पद्मिनी देवापुढे बसली होती. सहाणेवर चंदन उगाळत होती, कुकरला भात होता. श्रीरामबरोबर ते देवघराच्या दाराशी आले, चपला काढल्या, हात जोडले. “वहिनी, चालू दे तुमचं. दोन शब्द फक्त.”

मग ते बोलले, आणि छान बोलले. मुलांच्या आया घाबरल्यात. कोणाचं काही चुकत नाही, पण लहान मुलं आहेत, मुली आहेत. अभिषेक आपलाच आहे, म्हणून तर आपणच काही केलं पाहिजे. मुल्लानपूरला एका बिल्डर मित्राचं बांधकाम चाललंय, तिथे राखणदार हवाय. राहणं-खाणं तिथेच. मोकळी हवा. सगळ्यांच्या सोयीचं.

पद्मिनीने मान हलवली. जोरात, नाही म्हणून.

हर्षवर्धन श्रीरामकडे बघत होते.

तिने बोटाने पाटाखालचा कागद दाखवला. श्रीराम म्हणाला, “अगं, पूजेतून उठू नकोस, होईल सगळं.” तिने घंटा उचलली आणि वाजवली. इतकी जोरात, इतका वेळ, की समईची ज्योत हलली. कर्नलांनी डोळे मिटले आणि भक्तिभावाने पुन्हा हात जोडले.

“मग वहिनींची ना नाही, असं धरतो,” ते म्हणाले.

आता ओठ उघडायचे होते. एक शब्द पुरला असता. पण इतक्या वर्षांचा नेम, तोही त्याच पोरासाठी धरलेला, उद्यापनाच्या तोंडावर मोडायचा? काही विपरीत झालं तर? तिने स्वतःला समजावलं की नैवेद्य होऊ दे, तासाभराचा प्रश्न आहे, मग यांना चांगलं सुनावीन. पोर वरच आहे, जातंय कुठे.

भात झाला, वरण झालं. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज तिने ऐकला, आणि कर्नल गेले असं समजून नैवेद्याच्या पानाभोवती पाणी फिरवलं. मग जिन्याशी येऊन म्हणाली, “अभि, जेवायला चल.”

कोणी आलं नाही. ती वर गेली. अंथरूण घडी घातलेलं होतं, चादरीच्या कडा जुळवून, जेलमध्ये शिकवतात तशा. गेटवर नेलेला डबा घासून उपडा ठेवला होता. उशीवर फोन होता. तिच्या नावावरचा ना, म्हणून ठेवून गेला.

खाली येऊन तिने श्रीरामचं पान वाढलं. मीठ, लिंबू, भाजी, सगळं जागच्या जागी. मग समोर बसली.

“काय सांगितलंत त्याला?”

“काय म्हणजे? हर्षवर्धनच बोलला सगळं.”

“तुम्ही काय सांगितलंत?”

श्रीराम भात कालवत राहिला. “विचारलं त्याने, मावशीला माहीत आहे का. म्हटलं, मावशीसमोरच ठरलंय.”

“मग?”

“मग काही नाही. पाच मिनिटांत पिशवी घेऊन खाली आला. तुला नमस्कार करायला थांबत होता, पण तुझी पूजा चाललेली.”

पद्मिनीचा आवाज कधी चढत नसे, आताही चढला नाही. उलट आणखी खाली गेला, इतका की श्रीरामला कालवणं थांबवून ऐकावं लागलं.

“कर्नलसाहेब दुपारची झोप झाल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. गेली कित्येक वर्षं आपल्याकडे आले ते चहाच्या वेळेला. आज सकाळी कसे आले?”

“त्याला वेळ होता म्हणून.”

“मला वेळ नव्हता म्हणून.”

श्रीरामने लिंबाची फोड भातावर पिळली.

“तुम्ही बोलावलंत त्यांना या वेळी?”

“अगं, वाद नको म्हणून,” श्रीराम म्हणाला. “हर्षवर्धनच म्हणाला, वहिनींच्या समोर झालेलं बरं, मागून केलं असं नको व्हायला. आणि मी तरी किती जणांना तोंड देऊ? मेघनाच्या नवऱ्याने परवा मला लिफ्टसुद्धा दिली नाही. गाडी थांबवली, बघितलं, पुढे गेला. म्हातारपणी हे ऐकून घ्यायचं का मी? आणि तुला एवढं होतं तर बोलायचं होतंस. देव काही फाशी देणार नव्हता.”

हे मात्र वर्मी लागलं, कारण खरं होतं. देव फाशी देणार नव्हता. देवाने तर घंटेचा अर्थ बरोबर लावला असणार.

“सोमवारपर्यंत कागद गेला नाही तर ढिल्लोंजी दुसरा माणूस ठेवतील,” ती म्हणाली. “ते तुम्हाला माहीत होतं.”

“राखणदारी काय वाईट आहे?”

“तुमच्या मुलाला लावाल?”

त्यांचा मुलगा अंशुमन बेंगळुरूला होता, रविवारी रविवारी फोन करायचा. श्रीराम ताटावरून उठला. हात धुताना म्हणाला, “अंशुमनने कुणाला मारलं नाही.”

“नाही मारलं. नशीब त्याचं. जिन्यात मारामाऱ्या त्यानेही केल्यात, कठडे उंच होते.”

मग तिने कर्नलना फोन लावला.

“अरे वा, वहिनी. मौन सुटलं वाटतं?”

“साइटचा पत्ता सांगा.”

“अहो, आत्ताच तर सोडलंय त्याला. रमू दे जरा. तुम्ही गेलात की पुन्हा मन हलणार त्याचं. मी सांगतो ना, आर्मीत आम्ही—”

“तुम्ही शोकसभेत म्हणाला होतात, मंडळ पाठीशी आहे. पाठीशी म्हणजे किती लांब, तेवढं सांगा. गावाच्या हद्दीबाहेर?”

मग कर्नल थंडपणे म्हणाले, “वहिनी, तुमचा राग समजतो. पण मुलांच्या तालमी तुमच्याकडे असतात.”

“आता नसतील. तुमचा हॉल मोठा आहे. वर एसी पण आहे.”

“हे जरा जास्त होतंय. तुमच्यासारख्या भक्तिमार्गातल्या बाईने...”

“भक्तिमार्गातल्या बाईला तुम्ही देवासमोर फसवलंत,” ती म्हणाली. “बाहेर अंगणात फसवलं असतंत तर मी एवढी रागावले नसते. पत्ता सांगा.”

त्यांनी सांगितला नाही. संध्याकाळी कळवतो म्हणाले, आणि संध्याकाळी फोन उचलला नाही. दुपारभर ती स्वयंपाकघरात बसून होती. तिला मेघनाचा राग आला, जी दर शुक्रवारी तिच्या हातून कुंकू लावून घ्यायची आणि एकदाही विचारायला आली नाही की कोण आहे हो तो मुलगा. श्रीरामचा आला. स्वतःच्या चंदन उगाळणाऱ्या हाताचा आला, जो थांबला नाही. मधुरिमाने गोड सोडलं ते कुणाच्या आड आलं नाही. आपणच असा नेम का धरला, जो दुसऱ्यांच्या कामी यावा?

ऊन उतरता उतरता एक अनोळखी नंबर वाजला.

“मावशी? मैं. गार्ड का फोन है, ज्यादा बात नहीं होगी.” मागे सिमेंटच्या यंत्राची घरघर. “आप टेंशन मत लेना. आपने ठीक किया. बच्चों का घर है, मैं समझता हूँ.”

पद्मिनीने डोळे मिटले. शिव्या दिल्या असत्या तर सोपं होतं.

“मी काही केलं नाही, अभि. मला विचारलंच नव्हतं. मी हो म्हटलं नाही.”

मग तिने नेहमीचंच विचारलं,

“जेवलास का?”

“यहाँ आठ बजे मिलता है.”

“कुठे आहेस?”

“मुल्लानपूर से आगे. पानी की नई टंकी है, उसके पीछे. टीन का शेड.”

“उद्या सकाळी येते. ठाण्यात जायचंय, कागदावर सही करायचीय. मग ढिल्लोंजींकडे.”

“सुबह? सुबह तो आपका मौन होता है.”

“येते म्हटलं ना.”

“मावशी, मेरे लिए व्रत मत तोड़ो. पाप मुझे लगेगा.”

“तुझ्यासाठीच धरलं होतं,” ती म्हणाली. “काय करायचं त्याचं ते मी बघते. पिशवी भरून ठेव. आणि त्या चपला मोठ्या होतात ना, त्यात कापूस घाल तोपर्यंत.”

रात्री तिने कागद देवाच्या पाटाखालून काढला, जेवणाच्या टेबलावर श्रीरामसमोर ठेवला. “उद्या मी यावर सही करणार आहे. घर माझ्या नावावर आहे. तुमचं काही म्हणणं असेल तर आत्ता सांगा.”

श्रीरामने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“बरं,” ती म्हणाली आणि कागद पिशवीत घातला.

सकाळी ती नेहमीच्या वेळी उठली. अंघोळ केली, धूतवस्त्र नेसली. समई लावली. दोन फुलं वेगळी काढून ठेवली, रोजच्यासारखी, एक याचं, एक त्याचं. पोळ्या रोजच्यापेक्षा लवकर झाल्या होत्या, उसळ रात्रीच भिजवलेल्या मुगाची. तिने नैवेद्याचं पान वाढलंच नाही. सगळं डब्यात भरलं, डबा देवासमोर क्षणभर टेकवला आणि उचलला.

“आज तिकडेच जेव,” ती देवाला म्हणाली. अंघोळीनंतर, दिव्यासमोर, मोठ्याने. इतक्या वर्षांनी त्या वेळेला तो आवाज घरात निघाला होता. तिलाच तो परका वाटला, जरा घोगरा. काही झालं नाही. समईची ज्योत सरळच होती.

आतल्या खोलीत श्रीरामच्या खाटेची करकर झाली. तो जागा होता. गाडीची किल्ली दाराजवळच्या खुंटीवर होती, रोज कपाटात असते ती. तिने किल्लीकडे पाहिलं. तिला गाडी चालवता येत नव्हती, आणि हाक मारायची तिची आज इच्छा नव्हती. उद्या कदाचित.

तिने दार ओढून घेतलं. अमलतासाच्या झाडांखालचा रस्ता ओला होता, माळी पाणी मारून गेला होता. समोरच्या घराच्या फाटकाशी मेघना दूध घेत होती. नेहमीप्रमाणे तिने हात जोडून मान लववली. तपस्विनीला सकाळी बोलायचं नसतं ना.

“नमस्कार, मेघना,” पद्मिनी म्हणाली. “अभिषेकला आणायला निघालेय.”

मेघनाच्या हातातली पिशवी तशीच राहिली. पद्मिनी थांबली नाही. डबा एका हातात, कागदाची पिशवी दुसऱ्या हातात, ती चौकातल्या गोल चक्करपर्यंत चालत गेली. एक रिक्षा हळू झाली.

“मुल्लानपूर चलोगे, भैया? नई टंकी के पीछे.”

“दूर है, माताजी.”

“हाँ,” ती म्हणाली आणि डबा मांडीवर घेऊन आत बसली.